चादरीला बाह्या फुटतात तेव्हा

सोलापुरात चादर ही पांघरायची, अंथरायची आणि परगावच्या पाहुण्याच्या हाती निघताना ठेवायची वस्तू होती. ती अंगात घालायची वस्तू आहे हे आम्हाला बाहेरच्यांनी शिकवले. गेल्या काही वर्षांत तिला बाह्या फुटल्या, कॉलर आली, खिसे लागले आणि ती जाकीट होऊन मोबाइलच्या पडद्यावर मिरवू लागली. आता नव्या पेठेतही दुकानाबाहेरच्या पुतळ्याला असे एखादे जाकीट घातलेले दिसते आणि चादर घ्यायला आलेले खेड्यातले गिऱ्हाईक त्याच्याकडे जरा संशयाने पाहत आत शिरते. माझा संशय त्या गिऱ्हाइकाइतका सरसकट नाही. चादर कापली याचे मला मुळीच दुःख नाही, कारण कापड कापण्यासाठीच असते. माझी तक्रार ते कसे कापले आणि शिवताना त्यातले काय टाकून दिले याबद्दल आहे.

या शहराचा कापडाशी संबंध जुना आहे. 1877 साली येथे पहिली मोठी कापडगिरणी निघाली, तिलाच पुढे सगळे गाव ‘जुनी मिल’ म्हणू लागले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्वभागात घरोघरी माग बसवले. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, यंत्रमाग मात्र राहिले आणि त्यांच्याबरोबर चादर व टॉवेल हे दोन जिन्नस राहिले. दोघांनाही पुढे भौगोलिक मानांकन मिळाले. सोलापुरी या नावाने देशभर विकली जाणारी प्रत्येक चादर सोलापुरातच विणलेली असते असे मात्र समजू नये.

अस्सल सोलापुरी चादर हातात घेतली की आधी तिचे वजन जाणवते आणि मग ती उलटून पाहिली की तिची खरी करामत कळते. जॅकार्डवर, म्हणजे मागाला जोडलेल्या नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर, दुहेरी विणीने विणलेल्या या कापडाच्या एका बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल, तर दुसऱ्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर तोच मोर लाल होऊन उमटतो. म्हणजे या कापडाला उलटी बाजूच नाही. एक बाजू मळली की चादर पालटून पांघरावी, ही सोय विणणाऱ्याने मुद्दाम ठेवलेली असते. शिवाय ती सुती असते, धुता धुता मऊ होत जाते, आणि भिजल्यावर इतकी जड होते की पिळायला दोन टोकांना दोन माणसे लागतात. एस.टी.च्या प्रवासात, दवाखान्यात रुग्णाजवळ बसलेल्या नातेवाइकाच्या खांद्यावर, वसतिगृहात आणि पंढरीच्या वाटेवर ती टिकली, त्याच्यामागे तिचे हे साधे गुण आहेत.

आता जाकिटाकडे वळू. शिवणीच्या कडा दिसू नयेत म्हणून शिंपी आतून पॉलिस्टरचे अस्तर लावतो आणि त्या एका अस्तराने अर्धे विणकाम कायमचे झाकून टाकतो. जी दुसरी बाजू विणण्यासाठी मागावर एवढी खटपट झाली, ती घालणाऱ्यालासुद्धा पुन्हा कधी दिसत नाही. मग कॉलरच्या आत एक चिठ्ठी शिवलेली असते, तिच्यावर लिहिलेले असते की हे वस्त्र फक्त ड्रायक्लीन करावे. गावोगावच्या नदीकाठांवर दगडावर आपटून धुतली गेलेली चादर जाकीट होताच एवढी नाजूक कशी झाली, हे ती चिठ्ठी लिहिणाऱ्यालाच ठाऊक. राहिला उन्हाळा. चाळिशी ओलांडणाऱ्या आमच्या उन्हात हे अस्तरबंद प्रकरण अंगात घालून कोणी सात रस्ता चौकातून चालत गेला, तर लोक त्याला फॅशनेबल म्हणण्याआधी सावलीत बसवून पाणी पाजतील.

कामकऱ्यांचे कपडे फॅशनने उचलणे यात नवे काही नाही आणि गैरही काही नाही. जीन्सचीच गोष्ट घ्या. अमेरिकेत जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने मजुरांच्या विजारींचे खिसे ताणाच्या जागी उसवू नयेत म्हणून तेथे तांब्याचे रिव्हेट ठोकले आणि 1873 साली लेव्ही स्ट्रॉसबरोबर त्याचे पेटंट घेतले. पुढे ती विजार खाणीतून निघून सिनेमाच्या पडद्यावर गेली, कॉलेजात गेली, आणि आज तर लग्नाच्या स्वागत समारंभातही तिला कोणी अडवत नाही. परंतु या सगळ्या प्रवासात रिव्हेट, जाड दुहेरी शिलाई आणि धुताना फिकट होत जाणारा निळा रंग या तीन गोष्टी तिने सोडल्या नाहीत. खिशात मोबाइलपेक्षा जड काही न ठेवणारा मुलगाही ते रिव्हेट बाळगतो. जीन्सला अभिजात म्हणायला मी तयार आहे ते याच कारणाने, कारण ती ज्या गरजेतून जन्मली त्या गरजेची खूण आजही तिच्या अंगावर आहे. चादरीच्या जाकिटाने नेमकी आपली खूण अस्तराखाली घातली.

इरकलीच्या बाबतीत हेच आणखी वाईट रीतीने झाले आहे. इरकल मूळची कर्नाटकातल्या इळकलची असली तरी सोलापूर, अक्कलकोट या सीमाभागातल्या घरांत ती परकी कधीच नव्हती. आमच्या आज्यांच्या पेट्यांत दुसरे काय होते? तिचे अंग सुती किंवा रेशमी असते, पदर मात्र लाल रेशमाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा, आणि अंगाचा ताणा (मागावरचे उभे धागे) व पदराचा ताणा धाग्याधाग्याने एकमेकांत अडकवून तो जोडलेला असतो. तो जोड बोटाला जाणवतो. आज बाजारात जी ‘इरकल’ म्हणून कृत्रिम धाग्याची स्वस्त साडी मिळते, तिच्यात पदराचे पट्टे सरळ छापलेले असतात आणि काही महाभागांनी तर तो जोडही छापला आहे. जोड नाही, जोडाचे चित्र आहे! खणाचेही तेच. गुळेदगुड्डचा खण चोळीपुरता होता तोवर त्याची रुंदी, त्याचा काठ आणि त्याची ठसठशीत बुट्टी यांना अर्थ होता; आता पर्स, पडदे आणि कुर्त्यांवर मिळून तो इतका दिसतो की हळदीकुंकवाच्या एखाद्या समारंभात बायका कोणत्या आणि उशांचे अभ्रे कोणते, असा घोटाळा व्हावा.

मालिकांतल्या नायिकांची मंगळसूत्रे, त्यांच्या नथी आणि चंद्रकोरी यांबद्दल मी काही बोलत नाही. मालिका संपली की त्यांचीही हवा उतरते.

शिवलेल्या नऊवारीला मात्र नावे ठेवणाऱ्यांच्या रांगेत मला बसवू नये. ती चेन लावून दोन मिनिटांत नेसता येते म्हणून जुनी मंडळी नाके मुरडतात. पण कासोट्याची नऊवारी हे चालण्याचे, वाकण्याचे, शेतात आणि गिरणीत राबण्याचे वस्त्र होते, आणि शिवलेली नऊवारी घालून ढोलपथकात तासन्‌तास वाजवणारी किंवा मोटारसायकल चालवणारी मुलगी त्या वस्त्राचा मूळ हेतूच पुढे नेते. चेन दिसते की नाही हा मुद्दा गौण आहे.

जानेवारीत आमच्याकडे सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. नंदीध्वजाची उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलत नेणारे मानकरी आणि त्यांच्याबरोबरचे शेकडो लोक त्या दिवसांत पांढरी बाराबंदी घालतात. बटणे नसलेला, बंदांनी बांधायचा हा अंगरखा बाकीचे वर्षभर कपाटात असतो, पण संक्रांतीच्या सुमारास शहरातले निम्मे रस्ते त्याने पांढरे होतात. गॉगल लावून, बाराबंदीच्या बाहीत मोबाइल लपवून चित्रफिती काढणारी पोरे मी पाहिली आहेत आणि मला त्यात काहीही वावगे वाटले नाही. नंदीध्वज पेलायचा तर अंगाला आवळून बसणारे, श्वास घेऊ देणारे आणि हवे तसे सैल करता येणारे वस्त्र लागते. बंद त्यासाठीच आहेत, आणि अजून कोणत्याही शिंप्याला त्यांच्या जागी चेन बसवण्याचे सुचलेले नाही. याला कोणी ‘व्हिंटेज’ म्हणत नाही, हे एक बरे आहे.

चादरीच्या जाकिटाचेही असे काही होऊ शकेल असे मला प्रामाणिकपणे वाटते. थंडी मोजकीच असली तरी पहाटेच्या यात्रेला, शेकोटीला आणि रात्रीच्या एस.टी.ला ते चांगले आहे. फक्त त्याला अस्तर नको. कडा आत दुमडून, पट्टी लावून शिवल्या तर तेच जाकीट दोन्ही बाजूंनी घालता येईल: एका दिवशी लाल, दुसऱ्या दिवशी पांढरे. काठावर विणलेले नाव पाठीवर येऊ द्यावे. आणि ती ड्रायक्लीनची चिठ्ठी काढून टाकावी.

हे सगळे मी अशोक चौकाकडच्या एका शिंप्याला समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले, चादरीची घडी उलगडली, दोन्ही बाजू बोटांनी चाचपल्या आणि मान डोलावली. अस्तराशिवाय शिवायला वेळ दुप्पट लागेल, या जाडीवर कडा दुमडताना सुया मोडतील आणि मजुरी ऐकून गिऱ्हाईक उठून जाईल, असा त्याने हिशेब मांडला. मी दुप्पट मजुरी देण्याची तयारी दाखवली. तेव्हा त्याने माप घ्यायला टेप काढला आणि म्हणाला, “देतो की शिवून, सर. पण होळी झाल्यावर या, आत्ता शाळांच्या गणवेशाची गडबड आहे.” होळीनंतर चादरीचे जाकीट घालून मी जाणार कुठे, हे त्याने विचारले नाही, आणि मीही माप देऊन टाकले.