इस्त्री लावली की आरसीसीबी पडते

बोलावलं होतं आम्हा वायरमनना, एसीची नवी लाइन ओढायला. बाथरूम आणि स्वयंपाकघराचं नूतनीकरण नुकतंच झालेलं, टाइल्स चकचकीत, डीबी (सगळ्या खटक्यांचा बोर्ड) नवाकोरा. नवी लाइन जोडण्याआधी आरसीसीबीचं, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या खटक्याचं, टेस्ट बटण दाबायचं, हा आमचा पहिला नेम. दाबलं. खटका वर होता तो वरच राहिला.

झाकण उघडलं तर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वायरी मागच्या बाजूला कनेक्टरने थेट जोडलेल्या. आरसीसीबी नुसती शोभेला. चौकशी केल्यावर कळलं, की कामानंतर इस्त्री लावली रे लावली की सगळं घर अंधारात जायचं. काम करणाऱ्याने एकेक एमसीबी (एकेका सर्किटचा खटका) पाडून पाहिली, दोष सापडला नाही, मग आरसीसीबीच खराब ठरवून मोकळा झाला.

आम्ही ती पुन्हा जोडली. दिवे, पंखे चालले. इस्त्री लावताच पडली. गीझरचं बटण बंद, गीझरची एमसीबीही पाडलेली, तरी पडली. आधीचा माणूस फसला तो इथेच. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते. त्या सर्किटची न्यूट्रल डीबीतल्या सामाईक पट्टीवर जोडलेलीच राहते. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह यांत फरक पडला की आरसीसीबी पडते. 30 मिलिअँपियरची असेल तर 15 च्या पुढे कधीही. इस्त्रीसारखा मोठा लोड चालला की घरातली न्यूट्रल अर्थपेक्षा (जमिनीला जोडलेल्या सुरक्षेच्या वायरीपेक्षा) एखाद-दोन व्होल्टने वर उचलली जाते. ती कुठेही अर्थला टेकलेली असेल, तर परतीचा थोडा प्रवाह त्या वाटेने निघून जातो. म्हणजे इस्त्री निर्दोष, दोष दुसऱ्याच सर्किटमध्ये. असा दोष एमसीबी पाडून सापडत नाही, न्यूट्रल सोडाव्या लागतात.

मेन बंद केला. टेस्टर आधी चालू लाइनवर, मग बंद लाइनवर, मग पुन्हा चालू लाइनवर लावून खात्री केली. (निऑनचा स्क्रूड्रायव्हर या कामाला धरू नये.) पट्टीवरून सगळ्या न्यूट्रल सुट्या करून एकेक न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर) लावला. किमान 1 मेगाओहम हवा. सहा सर्किट 200 च्या वर. सातवं, गीझरचं, शून्य.

मेगरला थोडे ओहम शून्यच दिसतात, म्हणून त्याच जागी मल्टिमीटर लावला तर 14 ओहम. हा आकडा खटकला. न्यूट्रल अर्थच्या तांब्याच्या वायरीला टेकली असती, तर एक ओहमच्या आतलं रीडिंग आलं असतं. 14 म्हणजे वाट वायरीतून नव्हे, पाण्याच्या लोखंडी पाइपातून जात होती.

गीझरचा प्लग काढला, दोष नाहीसा. साहजिकच गीझरवर संशय. पण प्लगच्या पिनांवर नुसता गीझर तपासला तर न्यूट्रल ते अर्थ 50 मेगाओहम, अगदी ठणठणीत. लाइन आणि गीझर वेगवेगळे निर्दोष आणि जोडले की दोषी, म्हणून 16 अँपियरचं सॉकेट उघडलं. अर्थच्या टर्मिनलमधून न्यूट्रलच्या टर्मिनलमध्ये हिरव्या वायरचा पाच सेंटिमीटरचा तुकडा. डीबीकडून येणारी अर्थ वायर डब्यात पोचलेलीच नव्हती. टाइल्ससाठी भिंत फोडताना कंड्युट (भिंतीतला वायरींचा पाइप) चेपला, अर्थ तुटली, आणि हे लक्षात आलं तेव्हा टाइल्स बसून गेल्या होत्या.

तुटलेली अर्थ नव्याने ओढण्याऐवजी न्यूट्रललाच अर्थ बनवण्याची ही लबाडी पकडायला अवघड. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर इथे सगळं ठीक दाखवतो. फेज ते अर्थ 230 व्होल्ट, न्यूट्रल ते अर्थ 0.0. हा शून्यच चुगली करतो. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या 12 मीटर वायरचा रोध जवळपास 0.09 ओहम. 2000 वॉटचा गीझर 8.7 अँपियर घेतो, म्हणजे एकट्या त्या न्यूट्रलवर पाऊण व्होल्ट पडायलाच हवा. खरी अर्थ असेल तर गीझर चालू असताना तो मीटरवर दिसतो. इथे लोडखालीही शून्यच.

धोका न्यूट्रल तुटण्याचा. त्या टर्मिनलमध्ये एका स्क्रूखाली दोन वायरी कोंबलेल्या होत्या, प्लॅस्टिक काळं पडू लागलं होतं. तिथून मागची न्यूट्रल सुटली असती, तर फेज गीझरच्या 26 ओहमच्या कॉइलमधून थेट बॉडीवर आली असती. लोखंडी पाइपाचे 14 ओहम धरले तर बॉडीवर आणि नळांवर सुमारे 80 व्होल्ट, प्रवाह पावणेसहा अँपियर. 16 ची एमसीबी ढिम्म हलली नसती. पाइप प्लॅस्टिकचा असता तर बॉडीवर पुरे 230. हे थांबवू शकणारी एकच वस्तू होती आरसीसीबी, आणि ती बायपास केलेली.

चेपलेला कंड्युट सोडून दिला. डीबीपासून भिंतीवरून ट्रंकिंग (वायरी झाकणारी पट्टी) टाकून 2.5 ची फेज, न्यूट्रल आणि तेवढीच अर्थ नव्याने ओढली, डबल पोल स्विच बसवला. अर्थची सलगता 0.2 ओहम. प्लग काढून फेज-न्यूट्रल एकत्र पिळून अर्थविरुद्ध मेगर 200 च्या वर. आरसीसीबी 15 मिलिअँपियरवर तग धरते, 30 वर 24 मिलिसेकंदांत पडते. मर्यादा 300 ची. हे आरसीसीबीच्या टेस्टरनेच बघावं लागतं, कारण टेस्ट बटण घरात अर्थिंग नसतानाही आरसीसीबी पाडतं.

मग गीझर आणि इस्त्री एकदम लावली. खटका वरच. एसीची लाइन मात्र त्या दिवशी राहिली, कारण उरलेली सॉकेटं उघडायला घेतली आणि वॉशिंग मशीनच्या मागच्या सॉकेटमध्येही तसाच हिरवा तुकडा निघाला.