थॅनोसचा हिशेब

थॅनोसचं नेमकं काय चुकलं, हा प्रश्न निघाला की लातुरात आमच्या घरी दोन तट पडतात. थॅनोस म्हणजे 2018 च्या ‘अव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’मधला तो जांभळा दांडगा. विश्वातलं धान्य-पाणी मोजकं, खाणारी तोंडं फार. मग चुटकी वाजवायची आणि निम्मे जीव नाहीसे करायचे. गरीब-श्रीमंत बघायचं नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखं. माझ्या भाचीला यात तत्त्व दिसतं. “मामा, निदान तो वशिला तरी लावत नाही!”

तिला उडवून लावणं सोपं नाही. 2016 च्या उन्हाळ्यात याच शहरात पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होतील म्हणून जमावबंदी लागली होती. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. त्या रांगेत घागर घेऊन ताटकळलेल्या पोरीला पुढची निम्मी रांग नको झाली, तर मी तिला कुठल्या तोंडानं शिकवू?

पण हिशेब तर तपासता येतो. चित्रपट आला तेव्हा जगात साधारण 760 कोटी माणसं होती. निम्मी गेली की उरतात 380 कोटी. जगाची लोकसंख्या जवळपास एवढीच होती 1972 साली. म्हणजे एवढा उपद्व्याप करून थॅनोस आपल्याला नेऊन सोडणार कुठं, तर बहात्तरच्या दुष्काळात! जग निम्मं होतं म्हणून मराठवाड्यातल्या विहिरींना काही पाझर फुटला नव्हता. आईनं त्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडली, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरी खाल्ल्या, सरकारी सुकडीच्या खाऊसाठी रांग लावली. तिला हा हिशेब सांगितला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “तवा काय मानसं जास्ती झाली होती व्हय? पाऊस नव्हता.” संकट तेच, पण त्याच सुमारास वि. स. पागे नावाचा माणूस ‘मागेल त्याला काम’ अशी योजना मांडत होता. खाणारी तोंडं मोजण्याऐवजी त्यांनी काम मागणारे हात मोजले. थॅनोसकडे विश्व फिरवायची ताकद होती आणि सुचलं काय, तर वजाबाकी.

तेव्हा थॅनोसचा निकाल लवकर लागतो. माझं घोडं अडतं ते चांगल्या माणसांपाशी. चुटकीसाठी थॅनोसला सहा जादूचे मणी जमवावे लागतात. त्यातला एक असतो नायकांच्या बाजूच्या व्हिजन नावाच्या यंत्रमानवाच्या कपाळात. व्हिजन स्वतःच म्हणतो, मणी फोडा, मी गेलो तरी चालेल. तेव्हाच फोडला असता तर चुटकीच वाजली नसती. नायकांचा म्होरक्या कॅप्टन अमेरिका नाही म्हणतो. जिवाच्या बदल्यात जीव असला सौदा त्याला मान्य नाही. ऐकायला किती उमदं! मग तो मणी सुखरूप काढण्यासाठी सगळे वाकांडा नावाच्या काल्पनिक आफ्रिकी देशात जातात आणि तिथले शिपाई माळावर पटापट पडतात. त्यांची नावंही पडद्यावर कुणी घेत नाही. शेवटी मणी फोडावा लागतोच, पण तोवर काळ उलटा फिरवायची विद्या थॅनोसच्या हाती आलेली असते.

माझ्या मते कॅप्टन चुकला. थॅनोस मोजून मारतो. हा न मोजता मरू देतो. ओळखीच्या एकासाठी अनोळखी शेकडो, यालाच तर आमच्याकडे वशिला म्हणतात. भाची यावर भडकते. “मित्राला मारणारा माणूस जग वाचवून करणार काय, मामा?” तिचं म्हणणं मला पटत नाही, आणि खोडताही येत नाही. ज्या पोरीला निम्मं जग चिठ्ठ्या टाकून गेलं तरी चालतं, तिला एक व्हिजन जाऊन चालत नाही, याची गंमत मात्र वाटते.

एकदा हे सगळं आईपुढं मांडलं. ती शेंगा फोडत होती. “त्यो सोताच म्हनला ना, मला मारा म्हनून? मंग त्याचं ऐकायचं का नाही?”

“आज्जी, उद्या मी तसं म्हणलं तर ऐकशील?”

“तुझं मी आज तरी काय ऐकते?”