तीन माल्ट, एक संध्याकाळ

आज मित्राकडे तीन सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेल्या व्हिस्की, शेजारी शेजारी ठेवून चाखल्या: गोव्याची पॉल जॉन ब्रिलियन्स, बंगळुरूची अमृत फ्यूजन आणि स्कॉटलंडच्या आयला बेटावरची लाफ्रॉइग. लाफ्रॉइगचा ग्लास नाकाशी नेला की धूर आणि आयोडीनचा भपकाच. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीसारख्या जळणाच्या, धुरावर वाळवलेल्या बार्लीची ही करणी. ब्रिलियन्स मधाळ, सौम्य. पण मन जिंकलं फ्यूजननेच! ५० टक्के अल्कोहोल, म्हणून चमचाभर पाणी घातलं, आणि दबून बसलेला धूर हळूहळू वर आला, मागून व्हॅनिला. आपल्या उष्ण हवेत पिंपातली व्हिस्की स्कॉटलंडपेक्षा कितीतरी जास्त उडून जाते, पण मुरतेही लवकर. त्यामुळे बाटलीवर वयाचा आकडा नाही म्हणून तिला कमी लेखणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. बर्फ मात्र घालू नका, वासच मरतो.