‘बेपत्ता’ या शब्दापाशी अडलेली फाईल

नोंदी ठेवायला नव्याने शिकणाऱ्यांसाठी वांचलेर्म सत्साक्सित यांचं प्रकरण त्या दिवशी मराठीत मांडायचं होतं. पहिल्याच ओळीत अडलो. ‘बेपत्ता झाले’ लिहिलं की माणूस आपल्या पायांनी गेल्यासारखं वाटतं. ‘नाहीसे केले’ लिहिलं, मग पुढे सरकलो.

थायलंडमधल्या 2014 च्या लष्करी उठावानंतर हे थाई कार्यकर्ते कंबोडियात आश्रयाला होते. 4 जून 2020 ला नोम पेन्हमध्ये राहत्या इमारतीसमोरून शस्त्रधाऱ्यांनी त्यांना गाडीत कोंबून नेलं. बहीण सितानन तेव्हा फोनवर होत्या. श्वास घेता येत नाही, असं भाऊ ओरडल्याचं त्यांनी ऐकलं.

अशा फाईलमध्ये ऐकलेलं, पाहिलेलं आणि अंदाज यांचे रकाने वेगळे ठेवायचे. सितानन साक्षीदार आहेत, पण फक्त आवाजाच्या. सीसीटीव्हीत गाडी दिसते, तिचा बोलविता धनी नाही. हे सगळं एका परिच्छेदात कालवलं, की सरकार नेमकं त्यातल्या सर्वांत कच्च्या वाक्याला उत्तर देतं. चित्रण जपून ठेवा असा लेखी अर्ज त्याच दिवशी द्यावा, कारण कॅमेरे जुन्यावर नवं चढवत जातात.

मग दार कोणतं ठोठवायचं? कंबोडिया 2013 मध्ये सक्तीच्या नाहीशीकरणाविरुद्धच्या करारात सामील झाला, म्हणून कलम 30 खाली संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तातडीची विनंती करता आली. शेजारच्या लाओसने करारावर सही केली, मंजुरी दिली नाही. तिथल्या प्रकरणासाठी सक्तीच्या नाहीशीकरणावरचा संयुक्त राष्ट्रांचाच वेगळा कार्यगट. एकच प्रकरण दोन्हीकडे टाकलं तर समिती ते नाकारू शकते. घाईत ही चूक हमखास होते.

कंबोडियाचं उत्तर आलं, ते वांचलेर्म यांचा व्हिसा 2017 अखेर संपल्याचं! परागंदा माणसाला मायदेशाच्या वकिलातीची पायरी चढून कागद नवे करता येत नाहीत, आणि कागद संपले की तो तिथे राहतच नव्हता म्हणायला सरकार मोकळं. म्हणून भाड्याच्या पावत्या, बँकेच्या नोंदी, फोटो आधीच गोळा करावे लागतात. डिसेंबर 2020 मध्ये सितानन नोम पेन्हच्या न्यायालयात गेल्या, तेव्हा भाऊ तिथे राहत होता हेसुद्धा त्यांनाच दाखवावं लागलं.

शेवटचा कागद रक्ताच्या नातेवाइकांच्या डीएनए नमुन्याचा. डिसेंबर 2018 मध्ये लाओसमधून परागंदा थाई कार्यकर्ते सुरचाई दानवत्तनानुसोर्न आणि त्यांचे दोन सहकारी नाहीसे झाले. मेकाँग नदीत सापडलेल्या दोन मृतदेहांची ओळख जानेवारी 2019 मध्ये डीएनएवरून पटली. ते सहकारी निघाले. सुरचाई सापडलेच नाहीत. हा कागद पहिल्याच भेटीत घरच्यांपुढे ठेवायला हात धजत नाही. तरी तो ठेवायचा.