अंडी चुन्यात घातली, पण आधी मलाच चुना लागला

चुना जिवंत आहे की मेलेला हे चिमूटभर हळदीने कळतं, एवढं एक वाक्य मला जुलैमध्ये कोणी सांगितलं असतं तर माझी चोवीस अंडी वाचली असती. शिवाय सासूबाईंशी झालेलं भांडण वाचलं असतं ते वेगळंच.

आमचं घर देवगड तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून बरंच आत. डिसेंबरात वनराजा जातीच्या कोंबड्यांची महिन्याची पिल्लं आणली होती. त्यातल्या बारा तलंगा जगल्या आणि पावसाच्या तोंडावर अंड्यावर आल्या. रोजची सहा-सात अंडी म्हणजे सुरुवातीला मजाच. पण २०२५ चा श्रावण २५ जुलैलाच लागला. श्रावण आणि पुढे गणपती होईपर्यंत आमच्या घरात अंडं फुटत नाही. शेजारीपाजारीही तेच, त्यामुळे विकायची म्हटली तरी घेणार कोण? कोंबड्यांना काही श्रावण नसतो. फ्रीज आहे, पण पावसात आमच्याकडे वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही, आणि आली तरी तो फ्रीज आमसुलांच्या आगळापासून उकडलेल्या फणसाच्या आठळ्यांपर्यंत भरलेला.

चुन्याच्या निवळीत अंडी महिनोन्महिने टिकतात, फ्रीज यायच्या आधी विलायतेत घरोघरी असंच करत, हे वाचलं होतं. कृती ऐकायला अगदी सोपी. उकळून थंड केलेल्या लिटरभर पाण्याला ३० ग्रॅम विरवलेला, म्हणजे पाणी पाजून फुलवलेला चुना. त्यातला जेमतेम दीड-दोन ग्रॅमच विरघळतो, बाकीचा तळाशी बसून राहतो. तो वाया जात नाही, वरचा कमी झाला की तळातला विरघळतो. त्यात ताजी, न धुतलेली अंडी निमुळतं टोक खाली करून ठेवायची. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, ती चुन्याने बुजतात. शिवाय त्या पाण्यात जंतूंना जगणं कठीण. संपलं.

संपलं कसलं.

तालुक्याच्या गावातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि चुना मागितला. दुकानदाराने मागच्या पोत्यातून पत्र्याच्या डब्याने उपसून किलोभर पिशवीत ओतला. पोत्याचं तोंड उघडं होतं आणि वळचणीवरून पावसाची झड थेट त्यावर येत होती. हे मला तेव्हा दिसलं होतं, कळलं नव्हतं. घरी येऊन मापाने चुना घातला, ढवळला, रात्रभर ठेवला. सकाळी वर पाणी नितळ, तळाला पांढरा थर, अगदी वाचल्यासारखं. लोणच्याची जुनी चिनी मातीची बरणी सोडा लावून धुतली, उन्हाचा पत्ता नव्हता म्हणून चुलीशेजारी सुकवली आणि चोवीस अंडी आत लावली. वर जाड फडकं, त्यावर झाकण, झाकणाला सुतळी. मला कोण अभिमान!

बाराव्या दिवशी माजघरात वास यायला लागला. माळ्यावर उंदीर मेला असणार म्हणून नवरा बॅटरी घेऊन चढला. जुनी इरली, भाताची कणगी, सगळं उलथंपालथं केलं. उंदीर काही सापडला नाही. वास बरणीचा होता. सुतळी सोडली तर पाच-सहा अंडी वर तरंगत होती, एक तडकलं होतं आणि पाण्याला करडी झाक आली होती. पुढचं लिहीत नाही. बरणी परसात माडाच्या मुळात नेऊन ओतली.

मी सरळ आईंवर, म्हणजे सासूबाईंवर, घसरले. कारण आईंना अंडं घरात आलं की ते नळाखाली धरायची सवय आहे, आणि त्या चोवीसांतली काही त्यांनी धुतली असणार अशी माझी खात्री होती. अंडं कोंबडीच्या पोटातून येताना ओलं असतं. तो ओलावा वाळून कवचावर एक न दिसणारा लेप राहतो, तो धुतला की अंडं उघडं पडतं. हे सगळं मी त्यांना चढ्या आवाजात ऐकवलं. त्या काही बोलल्या नाहीत, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

आणि मी काय केलं? पुन्हा त्याच दुकानात गेले. "मागचा चुना बरा नव्हता, दुसरा द्या." त्याने त्याच पोत्यातून पुन्हा किलोभर दिला आणि वर सल्ला: "ताई, चुना म्हणजे चुना. थोडा जास्त घाला."

ती पिशवी ओट्यावर ठेवली तेव्हा आईंनी चिमूटभर चुना तळहातावर घेतला, पाण्याचे दोन थेंब टाकले आणि मिसळणाच्या डब्यातली हळद त्यात बोटाने कालवली. हळद पिवळीच राहिली. मग सासऱ्यांच्या चंचीतल्या डबीतला नखभर चुना घेऊन दुसऱ्या हातावर तेच केलं. बोट फिरवताक्षणी हळद लालभडक. दोन्ही तळहात माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "गो, हो चुनो मेलेलो हा. कोणी दिल्यान तुका?"

हळद आणि चुना मिळून कुंकू होतं हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण त्याचा इथे उपयोग होईल हे डोक्यात आलं नाही. शाळेत आपण सगळ्यांनी चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली आहे. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने निवळी दुधाळ होते, म्हणजे चुन्याची परत चुनखडी होते. उघड्या पोत्यात हेच घडतं, फक्त फुंकर हवेची, आणि आपल्या दमट किनाऱ्यावर ते लवकर होतं. महिनोन्महिने तोंड उघडं असलेल्या त्या पोत्यात चुना नव्हताच, नुसती खडूची भुकटी होती. ती पाण्यात बसते, पाणी नितळ दिसतं, पण त्या पाण्यात धार नसते. माझी अंडी बारा दिवस जवळजवळ साध्या पाण्यात बसली होती. आता स्ट्रॉ घेऊन पहिल्या पिशवीच्या निवळीत फुंकर मारून बघितली. मिनिटभर मारली, मला घेरी आली, पाणी तसंच.

दोन्ही पिशव्या घेऊन दुकानात गेले. पैसे परत मिळाले असं कोणाला वाटत असेल तर नाही मिळाले. बिल नव्हतं. "भिंतीला मारायला चालतो की," असं उत्तर मिळालं. पैशांच्या बदल्यात डिस्टेंपरचा डबा घ्या म्हणाला. मी तिथेच काउंटरवर हळद काढून दाखवली (कागदाच्या पुडीत नेली होती, एवढी पेटले होते). तर मागे उभा असलेला एक प्लंबर हसला आणि दुकानदार आणखीच चिडला.

मग जिवंत चुन्याचा शोध. रंगाच्या दुकानात बंद पुडे होते, पण त्यात डिंक मिसळलेला, भिंतीला धरून राहावा म्हणून. अंड्याला डिंक नको. पानपट्टीवर ट्यूबा होत्या. मला सहा लिटरला १८० ग्रॅम लागणार, म्हणून एकदम वीस मागितल्या, तेव्हा टपरीवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी दोनच घेऊन परतले. खाडीकाठी पूर्वी शिंपल्या-कालवांची टरफलं भाजून चुना करायची भट्टी होती. तिथे आता नुसता दगडी गोल आहे आणि आत घाणेरी उगवली आहे. यात श्रावणाचे तीन आठवडे गेले. रोजची अंडी टोपलीत साचत होती आणि मी रोज उठून ती मोजत होते.

सुटका केली शेजारच्या तात्यांनी. त्यांची सुपारीची बाग आहे. कोळेरोगासाठी, म्हणजे पावसात सुपारी कुजून गळते त्यासाठी, ते बोर्डो मिश्रण फवारतात: १०० लिटर पाण्याला किलोभर मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि किलोभर कळीचा, म्हणजे न विरवलेला चुना. चुना शिळा असेल तर मिश्रणात मोकळं तांबं उरतं आणि झाडाची पानं करपतात. म्हणून ते मिश्रणात नवं ब्लेड बुडवून बघतात, त्यावर तांबूस लेप चढला की चुना कमी पडला. माझी हकिकत ऐकून तात्या म्हणाले, कळीचाच घ्यायचा, दगडासारखा, हातात जड न लागणारा आणि हवाबंद डब्यातला. पण त्यांचा त्यांनी मला दिला नाही. "माझो झाडाक. तू खावचो घे." आठवडी बाजारात विड्याची पानं विकणाऱ्याकडे खायच्या चुन्याच्या कळ्या मिळतात हे त्यांनीच सांगितलं. पाव किलो घेतल्या. तिथेच हळद लावून बघितली. लाल.

पाव किलो कळ्या विरवल्या की दहा लिटरलाही पुरतात. विरवताना स्टीलच्या मोठ्या टोपात आधी पाणी घ्या आणि मग एकेक कळी सोडा. उलटं करू नका. पहिली कळी दोन-तीन सेकंद गप्प बसली, मग चर्रर आवाज, भेगा, आणि दगडाचा फुलून दह्यासारखा लगदा झाला. टोप बाहेरून हात लावू देत नव्हता. डोळ्यांना चष्मा लावा आणि मुलांना परसातही येऊ देऊ नका, एक शिंतोडा डोळ्यात गेला तर अंड्यांचं सोडा, डोळा जाईल. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं चुना खातो, प्लास्टिक उष्णतेने वाकतं. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी फडक्यातून खडे गाळले.

बाकी सगळं एका दुपारीत झालं. साठ अंडी, पाच लिटरच्या दोन बरण्या, वर दोन इंच पाणी. टोपलीतल्या जुन्या अंड्यांना हातही लावला नाही, ती तात्यांच्या कुत्र्याला उकडून गेली. ताजी, पेंढ्यात पडलेली, स्वच्छ अंडीच घेतली. चिखलाची बाजूला. म्हणून पावसात खुराड्यातला पेंढा रोज बदला, धुवायची वेळच येणार नाही. हो, आणि प्रत्येक जोडी एकमेकांवर हलकेच टिचकवून बघा. धड अंड्याचा आवाज खणखणीत येतो, तडा असलेल्याचा बद्द. मोबाईलच्या बॅटरीवर धरलं तरी तडा दिसतो. एक तडकलेलं अंडं सगळी बरणी नासवतं, हे मला कोणी शिकवायला नको.

काही दिवसांनी पाण्यावर पातळ कडक साय धरते. घाबरू नका, ती चुनखडीचीच आहे आणि खालच्या पाण्याला झाकण होते, मोडू नका. बरणी मातीच्या जमिनीवर, देवघरामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली, घरातली तीच त्यातल्या त्यात गार जागा. थंड देशांत आठ महिने, वर्षभर टिकतात म्हणतात. कोकणातला ऑक्टोबर काही थंड देश नाही, म्हणून मी चार महिन्यांची मुदत घातली.

नोव्हेंबरात मुंगसाने चार तलंगा नेल्या, दोन खुडुक बसल्या आणि अंडी एकदम आटली. त्यात डिसेंबरात जत्रा, दशावतार बघायला मुंबईहून आठ माणसं आली. बरणी उघडली. पहिलं अंडं वेगळ्या वाटीत फोडलं (प्रत्येक तसंच फोडा, आळस करू नका), नाकाजवळ नेलं. वास नाही. बलक गोल, पण नाजूक, वाटी हलवली की फुटेल असा, आणि पांढरं पाण्यासारखं सैल. अंड्याचा पोळा मात्र झकास झाला. साठातली तीन टाकली. उकडायची असतील तर रुंद टोकाला सुईने टोचा, कारण छिद्रं बुजलेली असतात, आतली हवा बाहेर पडायला वाट नसते आणि अंडं पाण्यात फट्‌कन फुटतं. हे मला चौथं फुटल्यावर कळलं. आणि अर्धवट शिजलेलं कोणाला देऊ नका, चुना बाहेरचे जंतू अडवतो, आत आधीच असलेले नाही मारत. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना मी ताजीच देते.

आई आता अंडी धुवत नाहीत. म्हणजे बरणीची धुवत नाहीत. रोजची अजून नळाखालीच जातात, मी बोलायचं सोडलं.

त्या दोन किलो भुकटीचं काय करायचं हा प्रश्न आहेच. आई म्हणतात कोंबड्यांना घाल, शेवटी शिंपल्यासारखीच चुनखडी, कवच घट्ट होईल. मी नाही घातली, त्या पोत्यात आणखी काय मिसळलंय कोणी सांगावं. परवा त्या दुकानावरून गेले, पोतं अजून तिथेच आहे, तोंड उघडं.