हायवे ८० वरची काळी माती

अमेरिकेतल्या अलाबामात सेल्मा ते माँटगोमेरी ५४ मैल. मार्च १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठी निघून अखेर पोचलेल्या मोर्च्याला पाच दिवस लागले होते, आम्हीही पाचच धरले. ब्राउन चॅपल या चर्चपाशी प्रार्थना, एडमंड पेट्टस पूल, फोटो, निघालो. याच पुलाशी पोलिसांनी मोर्च्यावर केलेला ७ मार्चचा लाठीमार सगळ्यांना ठाऊक असतो. मला पुलावर ९ मार्च छळत राहिला. मार्टिन ल्यूथर किंग लोकांना घेऊन पोलिसांच्या रांगेपर्यंत गेले, गुडघे टेकून प्रार्थना झाली आणि सगळे मागे फिरले. पुष्कळांना ते पटलं नव्हतं. मलाही अजून पटत नाही.

चालतानाची प्रार्थना सोपी. चार पावलं श्वास आत, ‘प्रभू येशू’. चार पावलं बाहेर, ‘दया कर’. चढावर चाराची तीन करायची, नाहीतर धाप लागते. मोजणं चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. ओंडक्यांचा ट्रक वाऱ्याचा तडाखा देऊन गेला की हमखास तुटते. खरी गोची वेगळीच होते: दोनेक तासांनी ‘दया कर’ म्हणताना डोळ्यांसमोर ‘ते बिचारे’ यायला लागतात, आणि आपण मनातल्या मनात उंचावर जाऊन बसतो.

म्हणून संध्याकाळी संत इग्नेशियसच्या पद्धतीचं परीक्षण, म्हणजे दिवसाचा प्रार्थनेतला झाडा. आभार, प्रकाशाची मागणी, दिवस उलगडणं, क्षमा, उद्याचा निश्चय. निम्मा वेळ तिसऱ्या पायरीला द्यायचा. आमच्या गटप्रमुख मॅडम, सत्तरीच्या कृष्णवर्णीय निवृत्त नर्स, ‘मी वर्णद्वेषी आहे, प्रभो’ असलं काही चालू देत नसत. वेळ सांगा, जागा सांगा, चेहरा सांगा. ‘सकाळी दहाला पेट्रोल पंपावर तो मुलगा जवळ आला, मी पर्स पुढे ओढली.’ एवढंच. कारण द्यायचं नाही. रडू आलं तर रडा, पण गटातल्या कृष्णवर्णीय माणसाच्या खांद्यावर नाही; दुसऱ्याचं सांत्वन करत बसणं हे त्यांचं आणखी एक काम होऊन बसतं. मग वीस मिनिटं मौन. पहिल्या रात्री एक गोरे गृहस्थ मौनात घोरले. माझा इतका संताप झाला की परीक्षणात तोच सांगावा लागला.

तिसऱ्या दिवशी पाऊस. लाउन्ड्स काउंटी. १९६५ च्या सुरुवातीला इथे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते, आणि मतदार यादीत त्यांच्यातलं एकही नाव नव्हतं. तेव्हा इथला रस्ता दोन पदरी होता, म्हणून कोर्टाने या टप्प्यात फक्त ३०० जणांना चालायची परवानगी दिली होती. मोर्च्याला मदत करताना क्लॅनच्या गोळीने मेलेल्या गोऱ्या कार्यकर्त्या व्हायोला लिउझो यांच्या शिळेशी दोन मिनिटं थांबलो.

रस्त्याची कड उतरती असते. दिवसभर त्याच बाजूने चाललं की एकच पाय सतत सरकतो, आणि ओल्या मोज्यात टाच सोलते. तीन वाजता मला पाऊल टाकवेना. एका घराच्या ओसरीवरून एक म्हातारी बराच वेळ बघत होती. ‘वर ये बाळा,’ म्हणाली. नाव नाही, गाव नाही. कोमट पाण्याचं घमेलं आणलं, सुई स्पिरिटने पुसली, फोडाच्या कडेला खालून दोन बारीक भोकं पाडली, कापसाने हलकं दाबलं. कातडी काढू दिली नाही. मी म्हटलं, आमच्याकडे काही जण पायी वारीत फोडात दोरा ओवून ठेवतात. ‘म्हणजे घाण आत जायला वाट,’ ती म्हणाली. वर व्हॅसलीन, जाळीची पट्टी, आणि तिचेच कोरडे मोजे.

बुटांना काळी चिकट माती लागली होती, विदर्भातल्यासारखी. या पट्ट्याला ब्लॅक बेल्ट नाव पडलं ते आधी या मातीवरून. मी मोठ्या कौतुकाने तिला सांगितलं, आम्ही अशा मातीला ‘काळी आई’ म्हणतो.

ती खूश झाली. मोजा वर ओढता ओढता म्हणाली, ‘आणि त्या रंगाच्या मुलीला?’

मी काहीतरी पुटपुटले. तिने दुसरा मोजा चढवला.

त्या रात्री सांगायला पर्स नव्हती, पेट्रोल पंप नव्हता. २००९, नगरचं घर, धाकट्या बहिणीसाठी चर्चच्या मंडळींत फिरवायचा बायोडेटा. वर्ण: गव्हाळ. अक्षर माझं. बहीण शेजारीच बसली होती, आणि ती सावळी आहे. मौन सुरू झालं. श्वासाला शब्द जुळेनात, चाराचे तीन केले तरी.

पुढचे दोन दिवस नीट आठवत नाहीत. माँटगोमेरीतल्या सेंट ज्यूड या कॅथलिक संस्थेच्या आवारात गरम पाणी मिळालं एवढं लक्षात आहे. कॅपिटलच्या, म्हणजे राज्याच्या विधानभवनाच्या पायऱ्यांशी भाषणं फार लांबली. बुटांवरची माती वाळून पापुद्रे सुटत होते. बहिणीला फोन लावला, तिकडे रात्रीचे दोन वाजलेत हे रिंग गेल्यावर लक्षात आलं, आणि मी कापला नाही.