बोथट तलवारीसाठी दहा दिवस

‘साहेब जेवायला गेलेत, नंतर या.’ दहा दिवसांत हे मी चार वेळा ऐकलं. अजून आठवलं की डोकं तापतं.

नवरा रणगाडा दळात आहे, डेक्कन हॉर्समध्ये. त्याच्या टेबलावर १९१६ चा एक फोटो कायम असतो: पहिल्या महायुद्धातल्या, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईतले त्याच्याच रेजिमेंटचे स्वार, हातात भाले. १४ जुलैला हाय वुड नावाच्या जंगलाजवळ त्यांनी घोड्यांवरून चढाई केली होती. नोकरीच्या विसाव्या वर्षी त्याला त्या काळातल्या घोडदळाची तलवार द्यायची, हे मी फार आधी ठरवलं होतं.

दुकानदारांना ‘घोडदळाची तलवार’ एवढंच सांगू नका. मला सगळ्यांनी वाकडीच दाखवली. मला हवी होती १९०८ पॅटर्न, म्हणजे ब्रिटिश घोडदळाचा त्या सालचा नमुना: सरळ, अरुंद, जवळजवळ पस्तीस इंची पात्याची, वार करण्यापेक्षा भोसकण्यासाठी घडवलेली. मुठीवर पत्र्याची मोठी वाटी, अख्खा पंजा झाकणारी. हिंदी फौजेसाठी हिचीच लहान मुठीची आवृत्ती काढली होती, म्हणून मुठीची लांबी आधी विचारा. नक्षीदार वाटीची १९१२ ची असते, ती अधिकाऱ्यांची. फोटोतले स्वार साधे जवान, त्यामुळे मला साधीच हवी होती. देहरादूनला अशा प्रतिकृती बनतात, तिथे ती मिळाली. ऑर्डर, पैसे, सगळं सुरळीत झालं.

अडलं ते कुरिअरच्या गोदामात. खोक्यावर ‘तलवार’ वाचून पार्सल बाजूला ठेवलं. म्हणाले, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस ठाण्यात म्हणाले, परवान्याचं काम आमचं नाही, शस्त्र परवाना शाखेत जा. शाखेतल्या बाईंनी फोटो पाहिले आणि म्हणाल्या, ‘हिला धार नाही ना? मग परवाना कशाला?’ मी म्हटलं, एवढंच कागदावर द्या. तर म्हणे, ‘परवाना लागत नाही असं पत्र आम्ही देत नसतो.’ गोदामवाल्याला कागदच हवा होता. म्हणजे पुन्हा पोलीस ठाणं, आणि तिथे साहेब जेवायला गेलेले.

शेवटी रात्री बसून नियम वाचले. २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या तलवारी येतात, पण शब्द आहेत ‘धारदार आणि प्राणघातक’. माझी लांबीने बसत होती, धारेने नाही. दुसऱ्या दिवशी साध्या कागदावर अर्ज लिहिला: माझ्याकडे अमुक प्रतिकृती येत आहे, बोथट आहे, भिंतीवर लावणार आहे, माहितीसाठी सादर. सोबत बिल आणि पात्याचे जवळून काढलेले फोटो. परवानगी मागितलीच नाही, त्यामुळे नाही म्हणायला कुणाला जागा उरली नाही. दोन प्रती नेल्या आणि एकीवर आवक शिक्का मारून घेतला. मारेपर्यंत खिडकीतून हलले नाही.

तो शिक्का पाहून गोदामातला माणूस लगेच नरमला. खोकं त्याच्यासमोर उघडलं, वर्तमानपत्राचं पान पात्यावरून ओढलं. कापलं नाही. दहाव्या दिवशी तलवार घरी आली आणि मी सोफ्यावर बसून चक्क रडले.

बिलावर ‘बोथट, शोभेची प्रतिकृती’ हे शब्द विक्रेत्याकडून आधीच लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं ‘तलवार’ होतं, नवं बिल मागवण्यात दोन दिवस गेले. नंतर हौसेने धार मात्र लावू नका, मग परवान्याचा प्रश्न खरोखरच येतो. आणि विमानाने न्यायची असेल तर केबिनमध्ये चालत नाही, चेक-इनच्या सामानातच.

नवऱ्याने मूठ धरली, अंगठा वरच्या खाचेत बरोबर बसला. बराच वेळ तो काही बोलला नाही, मग उठून फोटो टेबलावरून काढला आणि भिंतीवर तिच्याखाली लावला. चामड्याचं म्यान ओल धरतं, पातं गंजतं, म्हणून तलवार म्यानाबाहेरच ठेवली आहे. दर रविवारी शिलाई मशीनच्या तेलाने तो स्वतः पुसतो, मला हात लावू देत नाही.